एक गाव, एक पुस्तक: ‘फॅरनहाइट ४५१’ शहरभर का वाचली जाते

१९९८ साली सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपक्रम काढला आणि त्याचं नावच ठेवलं ‘सगळ्या सिअ‍ॅटलने एकच पुस्तक वाचलं तर’. पहिली कादंबरी निवडली रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’. एका लहान गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात आणि त्याच घटनेबद्दल चार माणसं आपापल्या बाजूने बोलतात. एकाचं म्हणणं दुसऱ्याशी पुरतं जुळत नाही. शहरभर वाचायला आणि मग त्यावर बोलायला याहून योग्य कथा मिळणं कठीण होतं. लोकांनी ती वाचली, लेखकाला शहरात बोलावलं, ठिकठिकाणी चर्चा झाल्या.

ही कल्पना बघता बघता पसरली. २००१ मध्ये शिकागोने हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेतली आणि वाचणाऱ्यांना छातीवर लावायला बिल्ले वाटले, म्हणजे बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त मिळेल. २००२ मध्ये लॉस एंजेलिसने आपल्याच शहरात राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ निवडली. त्याच वर्षी न्यूयॉर्कनेही प्रयत्न केला, पण पुस्तक कोणतं यावरच निवड करणाऱ्यांचं एकमत होईना. एक गट चँग-रे ली यांच्या ‘नेटिव्ह स्पीकर’च्या बाजूने, दुसरा जेम्स मॅकब्राइड यांच्या ‘द कलर ऑफ वॉटर’च्या. त्या वादात उपक्रमाची एकत्र अशी सुरुवातच झाली नाही. मला न्यूयॉर्कचं हे अपयशसुद्धा महत्त्वाचं वाटतं. कोणतं पुस्तक सगळ्यांनी वाचावं, असं विचारलं की शहर स्वतःला कसं बघतं हा प्रश्न आपोआप वर येतो.

पुढे या सगळ्याला सरकारी पैशाचं बळ मिळालं, ते एका अहवालामुळे. अमेरिकेत कलांना अनुदान देणारी ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिने २००४ मध्ये ‘रीडिंग अ‍ॅट रिस्क’ नावाचा अहवाल काढला. तिथल्या जनगणना खात्याने १७ हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं होतं, की गेल्या बारा महिन्यांत तुम्ही एखादी कादंबरी, कथा, कविता किंवा नाटक वाचलं का? शाळा-कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी वाचलेलं यात धरायचं नव्हतं. १९८२ मध्ये ‘हो’ म्हणणारे ५६.९ टक्के होते, २००२ मध्ये ४६.७ टक्के. म्हणजे वीस वर्षांत निम्म्याहून जास्त देश साहित्य न वाचणारा झाला. घट सगळ्या वयांत होती, आणि सगळ्यात वेगाने तरुणांमध्ये.

त्यावर उतारा म्हणून याच संस्थेने २००६ मध्ये ‘द बिग रीड’ हा गावोगावी एकच पुस्तक वाचण्याचा उपक्रम सुरू केला. आधी दहा ठिकाणी करून पाहिलं, २००७ पासून देशभर. सुरुवातीच्या यादीत चारच कादंबऱ्या होत्या: ‘द ग्रेट गॅट्सबी’, झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’, ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आणि ‘फॅरनहाइट ४५१’. यादी पुढे खूप वाढली, आणि आजवर दीड हजारांहून जास्त गावा-शहरांच्या उपक्रमांना अनुदान मिळालं. पण पुस्तकं जाळण्याबद्दलचं हे पुस्तक गावोगावी पुन्हा पुन्हा निवडलं गेलं. त्यामागे पान-संख्या आणि किंमत यांसारखी साधी कारणं आहेत, आणि एक खोल कारणही आहे. त्या खोल कारणाकडे येण्याआधी उपक्रम चालतो कसा ते बघू.

गावातली एखादी संस्था, बहुतेकदा सार्वजनिक ग्रंथालय, अर्ज करते. मंजूर झालं तर काही हजारांपासून २० हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळते, पण तेवढीच रक्कम गावाने स्वतः उभी करायची असते. ही अट फार शहाणपणाची आहे. त्यामुळे ग्रंथपालांना बाहेर पडावं लागतं. पुस्तकाचं दुकान, शाळा, नाट्यगट, स्थानिक वर्तमानपत्र, चर्च, कधी तुरुंगाचं ग्रंथालय, अशा सगळ्यांशी बोलावं लागतं. पैसे गोळा होईपर्यंत निम्मा उपक्रम उभा राहिलेला असतो. मग प्रती येतात. काही फुकट वाटायच्या, काही ग्रंथालयात ठेवायच्या. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी मोठ्या टायपातल्या, जे गाडी चालवताना ऐकतात त्यांच्यासाठी ऑडिओ, स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी स्पॅनिश. चर्चा घडवून आणणाऱ्यांना आणि शिक्षकांना मार्गदर्शक पुस्तिका मिळते. साधारण महिनाभर हे सगळं चालतं: उद्घाटन, मग गटागटांच्या चर्चा, एखादं व्याख्यान, कादंबरीवरचा चित्रपट. ‘फॅरनहाइट’ असेल तर गावच्या अग्निशमन दलालाही बोलावतात. खऱ्या जवानांनी व्यासपीठावर येऊन या कादंबरीतलं पान वाचणं यात गंमत आहेच, पण तेवढ्यासाठी ते करत नाहीत. एरवी पुस्तकाच्या कार्यक्रमाला कधी न येणारी माणसं त्यांच्या जवानांसोबत येतात.

तर त्या कादंबरीत आहे काय?

ब्रॅडबरींनी कल्पिलेल्या भविष्यात घरं आग न लागणारी झाली आहेत, त्यामुळे बंबवाल्यांना आग विझवण्याचं काम उरलेलं नाही. त्यांच्या नळीतून पाण्याऐवजी रॉकेल येतं. कुणाच्या घरात पुस्तकं आहेत अशी खबर मिळाली की बंब घेऊन जायचं आणि पुस्तकांसकट घर जाळायचं. गाय माँटॅग हा असाच एक बंबवाला, कामावर खूश. शीर्षकातला आकडा म्हणजे पुस्तकाचा कागद पेट घेतो ते तापमान, सेल्सियसमध्ये साधारण २३३ अंश. प्रत्यक्षात तो कागदाच्या जातीप्रमाणे बदलतो, पण नावाला तो शोभतो.

माँटॅगची बायको मिल्ड्रेड दिवसभर बैठकीच्या खोलीत असते. खोलीच्या तीन भिंती म्हणजे टीव्हीचे पडदे, आणि तिला चौथी भिंतही हवी आहे. त्या पडद्यांवरच्या माणसांना ती आपलं कुटुंब मानते. रात्री कानात शिंपल्याएवढे रेडिओ घालून झोपते. एके रात्री ती झोपेच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेते. पोट साफ करायला डॉक्टर येत नाहीत, यंत्र घेऊन दोन कामगार येतात, कारण अशा तक्रारी रोजच्याच झाल्या आहेत. सकाळी तिला काहीच आठवत नाही. हे १९५३ साली छापलेलं आहे, अमेरिकेतल्या जेमतेम निम्म्या घरांत टीव्ही पोचला होता तेव्हाचं.

शेजारी क्लॅरिस नावाची सतरा वर्षांची मुलगी राहते. ती पायी फिरते, पावसाची चव घेते, आणि माँटॅगला विचारते की तू सुखी आहेस का. या एका प्रश्नाने त्याची घडी विस्कटते. पुढे एक म्हातारी आपली पुस्तकं सोडून बाहेर यायला नकार देते, स्वतःच काडी ओढते आणि पुस्तकांबरोबर जळून जाते. माँटॅग तिच्या घरातून एक पुस्तक चोरतो. तिथून तो कायद्याच्या पलीकडे जातो. कथा शेवटी शहराबाहेर, नदीकाठच्या जंगलात पोचते. तिथे एकेक ग्रंथ पाठ करून जपणारी माणसं राहतात. मागे शहरावर बाँब पडतात.

पुस्तकं जाळणारी राजवट म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हुकूमशहा येतो. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझींनी पेटवलेल्या पुस्तकांच्या ढिगाने ब्रॅडबरी तरुणपणी हादरले होतेच. कादंबरी लिहिली गेली तो काळही अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थींचा, कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसांची नोकरी घालवण्याचा. पण कादंबरीत हुकूमशहा दिसतच नाही. पुस्तकं कशी गेली याची सगळी हकीकत बंबवाल्यांचा कॅप्टन बीटी माँटॅगला सांगतो, आणि ती हकीकत या पुस्तकाचा कणा आहे.

बीटी म्हणतो की सुरुवात सरकारने केली नाही. माणसं वाढली, वेग वाढला. मोठी पुस्तकं छोटी केली गेली, छोट्यांचे सारांश झाले, सारांशांचे दोन ओळींचे उतारे झाले. मग प्रत्येक गटाला कुठल्या ना कुठल्या पुस्तकाचा राग येऊ लागला. कुत्री पाळणाऱ्यांना एकाचा, मांजरं पाळणाऱ्यांना दुसऱ्याचा, या धर्माला याचा, त्या धंद्याला त्याचा. कुणीच दुखावलं जाऊ नये म्हणून लेखक बेचव लिहू लागले, वाचक दूर गेले, आणि अखेर कुणाला पुस्तकं नकोच होती. बंबवाले आले ते सगळं उरकल्यावर. लोकांनी आधी पुस्तक सोडलं, सरकारने नंतर काडी लावली.

हे वाचताना मराठी वाचकाला पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि तिथल्या ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. निमित्त एका पुस्तकातल्या मजकुराचं होतं. कुठल्याही सरकारी हुकुमाने ते घडलं नव्हतं.

ब्रॅडबरी स्वतः उतारवयात ठासून सांगत की ही कादंबरी सरकारी सेन्सॉरशिपबद्दल नाही, टीव्हीमुळे वाचनाची गोडी मरते याबद्दल आहे. मला हे पुरतं पटत नाही. कादंबरीत मागावर सोडलेलं यांत्रिक कुत्रं आहे, खबरे आहेत, पाठलागाचं थेट प्रक्षेपण आहे. हे सगळं नुसत्या टीव्हीच्या तक्रारीत बसत नाही. पण लेखकाचं एक म्हणणं आणि पानांवरचं दुसरं, असं असेल तर चर्चेला खाद्य भरपूर मिळतं, आणि अनेक गटांत सुरुवातच या प्रश्नाने करतात.

आता त्या खोल कारणाकडे. क्लॅरिस एकदा माँटॅगला आपल्या काकांनी सांगितलेली गोष्ट ऐकवते. पूर्वी घरांना पुढे ओसऱ्या असायच्या. संध्याकाळी माणसं तिथे बसायची, वाटलं तर बोलायची, नाही तर झुलत्या खुर्चीत गप्प बसून विचार करायची. मग घरं बांधणाऱ्यांनी ओसऱ्या काढून टाकल्या. कारण दिलं की त्या चांगल्या दिसत नाहीत. काकांच्या मते ते दाखवायचं कारण. खरं म्हणजे माणसांनी असं बसून बोलणंच नको होतं. क्लॅरिस आणखी एक तक्रार करते, की माणसं बोलतात पण कशाबद्दलच बोलत नाहीत. मोटारींची, कपड्यांची, पोहण्याच्या तलावांची नावं घेतात, आणि सगळे एकच बोलतात.

दोन-तीन परिच्छेदांचा हा भाग घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटतो. माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात धारदार जागा हीच आहे. पुस्तकं जाळण्याच्या कितीतरी आधी माणसांनी एकत्र बसून, सवडीने, मतभेद सहन करत बोलण्याच्या जागा गेल्या होत्या. बीटीच्या हकिगतीतही तेच आहे, मतभेदाचा त्रास नको म्हणून पुस्तक नको. शहरभर एक पुस्तक वाचायचं आणि मग शेकडो ठिकाणी त्यावर बोलायला बसायचं हा उपक्रम नेमका या दुखण्यावर बोट ठेवतो. म्हणून ही कादंबरी आणि हा उपक्रम एकमेकांना इतके शोभतात.

आपल्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं तेव्हाही सगळा गाव एकच ग्रंथ वाचतो. पण तिथे ग्रंथ थोर आहे हे आधीच ठरलेलं असतं आणि एका सुरात वाचण्यातच आनंद असतो. इथे पुस्तक आवडलं नाही असं म्हणायची पूर्ण मोकळीक असते, किंबहुना तसं म्हणणारा एक जण गटात असला तर चर्चा चांगली होते.

कादंबरीतच एक फसलेली वाचनबैठक आहे. मिल्ड्रेडच्या मैत्रिणी टीव्ही बघायला जमल्या आहेत. माँटॅग चिडून पडदे बंद करतो आणि मॅथ्यू अर्नल्ड यांची ‘डोव्हर बीच’ ही कविता मोठ्याने वाचतो. एक बाई हुंदके देऊन रडू लागते आणि का रडते हे तिला कळत नाही. दुसरी संतापते, की कविता म्हणजे रडणं, आत्महत्या आणि आजारपण, हे मी आधीच सांगत होते. मग सगळ्या निघून जातात. माँटॅगचं चुकलं कुठे? त्याने न विचारता वाचलं, लोकांना शिक्षा दिल्यासारखं वाचलं, आणि वाचून झाल्यावर बोलायला जागाच ठेवली नाही. चर्चा घडवणाऱ्या माणसाने हा प्रसंग आधी नीट वाचावा, असं मला मनापासून वाटतं. साहित्य माणसाला हलवतं हे त्यात दिसतं. हललेल्या माणसाला सावरायला कुणी नसलं तर तो पुस्तकाचाच राग करू लागतो, हेही त्यातच दिसतं.

फेबर नावाचा म्हातारा निवृत्त प्राध्यापक माँटॅगला समजावतो की तुला पुस्तकं हवी आहेत असं तुला वाटतं, पण खरं तर तीन गोष्टी हव्या आहेत. पहिली, ज्यात जगण्याचा बारीक पोत उतरला आहे असा मजकूर. तो पुस्तकातच असेल असं नाही, रेडिओवरही असू शकला असता. दुसरी, तो पचवायला सवड. माँटॅग म्हणतो की कामाचे तास सोडले तर वेळ आहेच. फेबर म्हणतो की मोकळे तास आहेत, पण विचार करायला वेळ कुठे आहे? पडद्यासमोर बसलं की तो इतक्या वेगाने सांगत सुटतो की नाही म्हणायला फुरसत मिळत नाही. पुस्तक मात्र मिटून ठेवता येतं. तिसरी गोष्ट, पहिल्या दोन्हींतून जे उमगलं त्याप्रमाणे वागायचा हक्क.

या तिन्हींच्या पट्टीवर गावाचा उपक्रम लावून बघितला तर त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. पहिली गोष्ट चांगलं पुस्तक निवडून मिळते. दुसरीसाठी महिन्याची मुदत कामी येते. एका संध्याकाळच्या व्याख्यानाने जे होत नाही ते चार आठवड्यांत होतं, कारण माणूस पुस्तक मिटतो, कामावर जातो, कुणाशी बोलतो, परत उघडतो. तिसरी गोष्ट कुठलंही ग्रंथालय देऊ शकत नाही. फार तर ते एक खोली देऊ शकतं, जिथे हा प्रश्न मोकळेपणी विचारता येईल.

खोली आणि ग्रंथालय यांचं या कादंबरीशी जन्माचं नातं आहे. ब्रॅडबरी कॉलेजात गेले नाहीत. पैसे नव्हते, म्हणून वर्षानुवर्षं सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन त्यांनी स्वतःचं शिक्षण केलं आणि ते आयुष्यभर अभिमानाने सांगितलं. घरी लहान मूल, लिहायला जागा नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉवेल ग्रंथालयाच्या तळघरात भाड्याचे टाइपरायटर होते, अर्ध्या तासाला दहा सेंट. नाणं टाकायचं आणि वेळ संपायच्या आत जमेल तेवढं टाइप करायचं. पहिला खर्डा त्यांनी ९ डॉलर ८० सेंटमध्ये पुरा केला. हिशेब केला तर ४९ तास होतात. मध्येच वर कपाटांकडे धावत जायचे, एखादं पुस्तक उघडून एखादं वाक्य उचलायचे आणि परत खाली. तो खर्डा ‘द फायरमन’ नावाने १९५१ मध्ये ‘गॅलेक्सी’ मासिकात आला, आणि वाढवलेली कादंबरी १९५३ मध्ये बॅलन्टाइन प्रकाशनाने काढली. पुस्तकं जाळण्याची गोष्ट पुस्तकांच्या कपाटांखाली बसून लिहिली गेली.

याच कादंबरीवर पुढे जे गुदरलं ते प्रत्येक गटाला सांगावं. १९६७ मध्ये प्रकाशकांनी शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न कळवता साधारण ७५ ठिकाणी मजकूर बदलला. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला, दारू प्यालेला माणूस आजारी झाला. १९७३ पासून तर बाजारातही हीच कापलेली प्रत विकली जाऊ लागली. १९७९ मध्ये कुणीतरी ब्रॅडबरींच्या नजरेस आणून दिलं, ते संतापले, आणि १९८० मध्ये मूळ मजकूर परत छापला गेला. पुढेही १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या एका शाळेत मुलांच्या हाती आलेल्या प्रतींमध्ये काही शब्द काळ्या शाईने झाकलेले होते. पालकांनी वर्तमानपत्रांकडे धाव घेतली तेव्हा ते थांबलं. यातल्या कुणीही काडी ओढली नव्हती. मुलांच्या भल्यासाठी थोडं सौम्य करू, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि बीटी सांगतो ती वाट अशाच सद्हेतूंनी सुरू होते.

चांगली चर्चा कशी होते याबद्दल थोडं. ‘लेखकाला काय सांगायचं आहे’ या प्रश्नाने गट शाळेचा वर्ग होतो आणि एकच बोलका माणूस बोलत राहतो. त्यापेक्षा पात्राच्या कृतीवर प्रश्न विचारावा. बीटी ग्रंथांतली वाक्यं तोंडपाठ फेकतो, म्हणजे त्याने पुस्तकं मनापासून वाचली आहेत. मग तो जाळतो का? माँटॅग त्याला जाळून मारतो आणि नंतर त्याला वाटतं की बीटीला मरायचंच होतं. हे खरं की खुनानंतरची मनाची समजूत? मिल्ड्रेड नवऱ्याची खबर देते. ती वाईट आहे की घाबरलेली? या प्रश्नांना एक उत्तर नाही, पण प्रत्येकाला पानावर बोट ठेवून बोलावं लागतं. नुसतं ‘हल्लीची पिढी मोबाइलमध्ये’ असं म्हणून सुटका होत नाही. ही कादंबरी वाचताना ज्येष्ठ मंडळी याच सोप्या घाटाने उतरतात आणि तरुण गप्प होतात. खरं तर कानातल्या शिंपल्यांबद्दल सोळा वर्षांच्या मुलाला जे सांगता येईल ते इतर कुणाला सांगता येणार नाही. गट आखतानाच वेगवेगळ्या वयाची माणसं एकत्र बसवली तर हे टळतं.

या उपक्रमांवर टीकाही झाली. समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांना एकगठ्ठा वाचनाची कल्पनाच रुचली नव्हती. वाचन ही एकट्याने करायची गोष्ट आहे असं ते मानत. मला त्यात तथ्य वाटतं, पण अर्धंच. वाचन इथेही एकट्यानेच होतं, एकत्र येतात ते बोलायला. दुसरी टीका जास्त गंभीर आहे: मुळात जे वाचतात तेच येतात. आकडेही तिला दुजोरा देतात. २००८ मध्ये साहित्य वाचणाऱ्यांचं प्रमाण ५०.२ टक्क्यांपर्यंत वर आलं तेव्हा मोठं समाधान व्यक्त झालं. पण पुढे ते टिकलं नाही. कादंबरी किंवा कथा वाचणारे प्रौढ २०१२ मध्ये ४५.२ टक्के होते, २०२२ मध्ये ३७.६. महिनाभराच्या उपक्रमाने देशाची सवय फिरत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून त्याला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं. एखाद्या गावात निवृत्त परिचारिका, बारावीतला मुलगा आणि अग्निशमन दलाचा जवान एका टेबलाशी बसून तासभर मिल्ड्रेडवर वाद घालतात, हे कुठल्याच टक्केवारीत मोजलं जात नाही.

कादंबरीतही उणिवा आहेत आणि त्या लपवू नयेत. बायकांची पात्रं पातळ आहेत. क्लॅरिस माँटॅगला जागं करते आणि लगेच कथेतून नाहीशी होते. मिल्ड्रेडला आपलं म्हणणं मांडायची संधी फारशी मिळत नाही. साध्या करमणुकीबद्दल लेखकाच्या मनात असलेली अढीही जागोजागी जाणवते.

आणि मग शेवटची ती पुस्तकमाणसं. त्यांचा म्होरक्या ग्रँजर माँटॅगला ओळख करून देतो. कुणी प्लेटोचं ‘रिपब्लिक’ आहे, कुणी डार्विन, कुणी आइनस्टाइन. पुढे तो नावं घेतो त्यात महात्मा गांधी आणि गौतम बुद्धही आहेत, कन्फ्यूशियस आणि लिंकन यांच्या पंगतीत. माँटॅगच्या वाट्याला बायबलमधलं ‘एक्लेझिअ‍ॅस्टिस’ येतं. भारतीय वाचकाचं मन या दोन नावांशी क्षणभर सुखावतं. पण त्या यादीत बाईचं एकही नाव नाही, आणि गांधी-बुद्ध सोडले तर आपल्या उपखंडातलं कुणी नाही. आग लागलेल्या जगातून काय वाचवायचं हे ठरवलं कुणी? ज्याला जे पाठ होतं ते राहिलं, की कुणीतरी आधी निवड केली? ग्रँजर एवढंच सांगतो की सुरुवातीला काही ठरवलेलं नव्हतं, ज्याला जे पुस्तक लक्षात ठेवावंसं वाटलं ते त्याने ठेवलं. चर्चेच्या शेवटच्या बैठकीला प्रत्येकाने आपण कोणतं पुस्तक पाठ करून जपू ते सांगायचं, असं बरेच गट ठरवतात, आणि त्या बैठकीला वेळ नेहमी कमी पडतो.